ज्याची सही, त्याची सीट

स्ट्रॅटोलाइनचा फोन आला तेव्हा शर्वाणी बुगड मागापाशी उभी होती, आणि माग नेमका त्याच क्षणी धागा तुटून थांबला होता.

अशा वेळी माणूस एकीकडे लक्ष देतो आणि दुसरीकडचं हात आपोआप उरकून टाकतात. शर्वाणीनं फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला. पलीकडून हैदराबादची एक गोड आवाजाची बाई सांगत होती की, अभिनंदन, आपली पंख विभागात निवड झाली आहे, एक जूनला रुजू व्हायचं आहे. देशातली सगळ्यांत मोठी विमानं बांधणारी कंपनी! शर्वाणीची छाती अशी धडधडायला लागली की बाईचं निम्मं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं. इकडे बोटांनी तुटलेल्या धाग्याची दोन टोकं शोधली, जुळवली, ओढून पाहिली. माग पुन्हा सुरू झाला. "हो मॅडम, थँक्यू मॅडम," म्हणत तिनं फोन ठेवला आणि शेडमध्ये कुणी नाही असं बघून दोन उड्या मारल्या. त्या धाग्याची तिला पुन्हा आठवणही झाली नाही.

गोष्ट फार पुढची नाही. आजपासून दहा-पंधरा वर्षं पुढे चला, आणि इचलकरंजीला या. गाव तेच, कापडाचंच, फक्त खडखड थोडी कमी झालेली. बंद पडलेल्या एका यंत्रमागाच्या शेडवर आता पाटी आहे: 'ताणाबाणा एअरो'. आत माणसं जेमतेम नऊ. ती नऊ माणसं विमान विणतात. हो, विणतात. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

कंपनीच्या मालकीण लतिकाताई मगदूम. मूळच्या रुकडीच्या, हवाई दलात लढाऊ विमानं उडवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात, या बाई जुने माग धुंडाळत हिंडल्या. त्यांच्या विमानाचं नाव 'पाकोळी'. बसणारे दोघंच. पण त्याचा पंख बघायला लांबलांबहून माणसं येत होती.

नेहमीच्या विमानाच्या पंखाला मागच्या कडेला झडपा असतात. त्या वरखाली करून विमान वळवतात. पाकोळीच्या पंखाला एकही झडप नाही, तो अख्खाच वळतो, पक्ष्याचा वळतो तसा. त्याच्या कापडात कार्बनचे धागे आहेत आणि त्यांच्या अधूनमधून 'स्नायूधागे' आहेत. स्नायूधागा म्हणजे एक जातीचं प्लॅस्टिक. बारीकशी वीज सोडली की ते आखडून ताठ होतं, वीज काढली की सैल पडतं. आता कार्बनमधूनही वीज वाहते, आणि धागा ताणला की ती वाहायला किंचित अडते. म्हणजे आपल्यावर किती ताण आलाय ते प्रत्येक धागा स्वतःच सांगतो. पंखाच्या मुळाशी बसवलेला नखाएवढा संगणक हे सगळं ऐकत असतो. वाऱ्याचा झोत आला, इथले धागे ताणले गेले, की तिथले स्नायू ताठ. कुठं किती ताठ व्हायचं हे त्याला कुणी पढवलेलं नाही. झोत खात खात तो शिकतो.

या शिकण्यानंच मोठ्या कंपन्यांची पंचाईत केली होती. एकाच मागावर विणलेले दोन पंख महिनाभरानं एकसारखे राहत नाहीत, जुळ्या पोरांसारखे आपापल्या वळणावर जातात. आणि मोठ्या कंपनीचा सगळा डोलारा उभा असतो तो एकसारखेपणावर. एक तपासला की हजार तपासले, असा तिथला हिशेब. स्ट्रॅटोलाइनला आपल्या नव्या एकशे ऐंशी आसनी विमानासाठी हा पंख हवा होता आणि त्याची धास्तीही वाटत होती.

ताणाबाणाचा हिशेब मात्र साधा होता. शेडच्या दारावर रंगवूनच ठेवला होता: 'ज्याची सही, त्याची सीट'. पंखाच्या कागदावर जो इंजिनिअर सही करील, तो पहिल्या उड्डाणाला लतिकाताईंच्या मागच्या सीटवर बसेल. तो बसला नाही तर ताई विमान उडवणार नाहीत. एवढंच. नव्या पंखावर सही होती शर्वाणीची.

*

उड्डाणाच्या आठवड्यात शर्वाणीचा मोठा भाऊ यशोधन घरी आला. तो सात वर्षं स्ट्रॅटोलाइनमध्ये होता, आणि बहिणीला तिथं अर्ज करायला लावणारा तोच. या वेळी तो कंपनीतर्फेच आला होता, पाकोळीचं उड्डाण बघायला. सोबत लॅपटॉपमध्ये त्यानं पंखाचा 'जुळा' आणला होता. म्हणजे त्या पंखाची हुबेहूब गणिती प्रतिकृती. खऱ्या पंखावर जे जे होईल ते जुळ्यावर आधी होऊन दिसतं.

रात्रीच्या जेवणाला विषय निघायचा तो निघालाच.

"शारू, तिथं तू पंखाच्या मुळाचा एक जोड करशील," यशोधन म्हणाला. "वर्षानुवर्षं तेवढाच. मान्य हाय मला. पण तो जोड रोज लाखभर माणसं घेऊन उडंल. हितं काय?"

"हितं अख्खा पंख माझा हाय, दादा. विणण्यापासून उडवण्यापर्यंत."

"आणि बसणारी माणसं दोन! त्यातली एक तू."

"तेच तर. तू सात वर्षांत किती विमानांच्या जुळ्यांवर सह्या केल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"आणि बसलास कितींत?"

यशोधननं भाकरीचा तुकडा मोडला. "तिकीट काढून बसतो की. कुठलं विमान कुणी केलंय ते कोण बघतंय? तशी पद्धतच नाही आमच्यात." मग थोडा चिडून म्हणाला, "आणि ही नऊ माणसांची कंपनी पुढच्या वर्षी असंल का, ते सांग आधी."

खरं तर तिला दोन्ही हवं होतं. पोरीची अशी ओढाताण चालली होती की ताटातली आमटी गार झाली तरी तिचं लक्ष नव्हतं.

आईचं मत स्वच्छ होतं. आईनं उभी हयात घरामागच्या चार मागांवर काढली होती, दोन्ही पोरांना पाळण्यातून उतरवलं ते थेट मागापाशी. "दोघं एका गावात ऱ्हावा," ती म्हणाली, "म्हंजे मला चटणीचं डबं दोनीकडं धाडायला नगोत. मोठी कंपनी का छोटी कंपनी, ते तुमचं तुम्ही बघा."

*

उड्डाणाआधी पंखाला वजन लावून बघतात. विमान आडोशाला बांधायचं, पंखावर वाळूच्या पिशव्या रचत जायच्या, आणि पडद्यावर बघायचं की कुठला धागा किती ओढ घेतोय. जास्त ताण तिथं तांबडं, कमी तिथं निळं. उजव्या पंखाचा रंग मुळापासून टोकापर्यंत हळूहळू तांबड्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून निळ्यात उतरत गेला. डाव्या पंखावर पिशव्या चढल्या आणि मधोमध हातरुमालाएवढा एक निळा ठिपका उमटला.

"हे काय?" लतिकाताई म्हणाल्या.

यशोधननं जुळ्याकडे पाहिलं. जुळ्यात तिथं ठिपका नव्हता. "एवढा भाग ओढच घेत नाहीये. आत काहीतरी तुटलंय."

फिरतं स्कॅनयंत्र पंखाला लावलं. पडद्यावर धाग्यांची शिस्तशीर जाळी दिसली, आणि तिच्यात एक बारका गोळा. यशोधननं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि त्याचे डोळेच विस्फारले.

"गाठ आहे ही," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "शारू, ही आईची गाठ हाय."

गावातले बाकीचे मागवाले तुटला धागा एका फाशात सांधतात. त्यांच्या आईची सवय दोन फासे टाकून एक टोक उलटं ओढायची. त्या घरात वाढलेली दोनच माणसं तशी गाठ मारू शकत होती, आणि त्यांतला एक, पंख विणला तेव्हा, हैदराबादला होता.

शर्वाणीला सगळं एकदम आठवलं. तो फोन, ती गोड आवाजाची बाई, थांबलेला माग. कार्बनच्या धाग्याला गाठ मारायची नसते, हे तिनंच नव्या पोरांना शिकवलं होतं. ताण सोसण्यात कार्बन पोलादालाही हार जात नाही, पण तीव्र वळणावर मोडतो. म्हणून तुटलेल्या धाग्याशेजारी वीतभर नवा धागा नुसता टेकवून ठेवायचा, मग कापडावर ओततात ती चिकट राळ त्यांना धरून ठेवते. हे सगळं तिला पाठ होतं. पण बोटांना ते सात-आठ वर्षांपूर्वी कळलेलं, आणि गाठ त्यांना बालवाडीच्या आधीपासून येत होती.

"माझ्या हातनं झालंय, ताई," ती म्हणाली. "फोनवर होते मी. कळलंच नाही."

लतिकाताई रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "पंख मोडला का?"

"नाही."

"मग अजून पिशव्या चढवा."

पिशव्या चढल्या. ठरलेल्या वजनाच्या दीडपट झाल्या. पंख वाकला, कुरकुरला नाही. उतरवून पुन्हा चढवल्या, दोन दिवस हेच चाललं. आणि मग शर्वाणीच्या लक्षात एक गोष्ट आली, ज्यानं तिची भूकच उडाली. निळ्या ठिपक्याभोवती तांबड्या रंगाचं एक कडं तयार झालं होतं, आणि प्रत्येक खेपेला ते जास्त गोल, जास्त सफाईदार होत होतं.

"दादा, हे बघ! गाठीपाशी जी ओढ जायला नको ती शेजारचे धागे वाटून घ्यायला लागलेत. स्नायू आधीच ताठ होतात, वजन यायच्या आधी. हा पंख शिकलाय. पाय मुरगळलेला माणूस कसा त्या पायावर भार न टाकता चालायला शिकतो, तसा!"

यशोधनलाही ते दिसत होतं. पण त्यानं जुळ्यात गाठ घालून गणित केलं, आणि जुळ्यानं सांगितलं की जोराचा झोत आला तर पंख त्या जागी फाटेल.

"तुझा जुळा शिकत नाही," शर्वाणी म्हणाली. "त्याला गाठ आत्ता कळली. हा दोन दिवस तिच्याशी झुंजतोय."

"तुला तसं वाटतंय. माझ्याकडं आकडा हाय." त्याचा आवाज चढला. "शारू, तू बसू नकोस. कंपनीचा माणूस म्हणून नाही सांगत, भाऊ म्हणून सांगतोय."

लतिकाताई शेडच्या दारात उभ्या होत्या. मागे रंगवलेली ती ओळ होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "माझं मत विचारू नकोस," त्या शर्वाणीला म्हणाल्या. "वजनाच्या चाचणीत पंख पास आहे. पॅराशूट आहे, विमानाला आहे आणि आपल्यालाही आहे. तू बसणार असशील तर मी उडवते. नाहीतर पंख कापू आणि नवा विणू. तोवर कंपनी टिकली तर टिकली."

बघा, काय अवघड जागी आणून ठेवलं होतं पोरीला! मोठ्या कंपनीत असती तर हा प्रश्न तिच्यापर्यंत आलाच नसता. मधे दहा टेबलं असती, दहा सह्या असत्या, आणि दुसऱ्याच कुणीतरी विमान उडवलं असतं. इथं मधे कुणी नव्हतं. तिनं रात्रभर दोन दिवसांच्या चाचण्यांची चित्रं एकावर एक ठेवून पाहिली. ते कडं एकदाही चुकलं नव्हतं. भीती गेली नाही, पण भीतीपेक्षा उत्सुकता वरचढ झाली. तो पंख हवेत काय करतो हे बघायला तिचा जीव तुटत होता.

"बसते," ती सकाळी म्हणाली.

*

हातकणंगल्याच्या माळावर छोटी धावपट्टी आहे. आजूबाजूला ऊस, समोर आळत्याचा डोंगर. यशोधन कडेला टेबल टाकून बसला, एका हाती रेडिओ, समोर जुळा. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाकोळी धावली आणि उचलली. शर्वाणीच्या तोंडून आपसूक आरोळीच निघाली. इतके दिवस जे कापड तिनं बोटांनी चाचपलं होतं, ते आता हवेत जिवंत झालं होतं. डोंगरावरून वारा खाली घसरत होता, आणि पंखाचं टोक त्याला बघून आधीच वाकत होतं. मांडीवरच्या पडद्यावर रंग वाहत होते. ती निळी खूण आपल्या जागी, आणि तिच्याभोवती ते कडं, झोतागणिक घट्ट होणारं, सैल होणारं.

"कसं वाटतंय?" समोरून ताईंचा आवाज.

"ताई, हा नाचतोय!"

"तेच म्हणते मी. मला काही करावंच लागत नाहीये."

खालून यशोधन ओरडला, "जुळ्यानं दोनदा सांगितलं पंख फाटला म्हणून! तुम्ही आहात ना?"

"आहोत की!" शर्वाणी हसली. आयुष्यात इतका आनंद तिला पूर्वी झालेला नव्हता, आणि हे तिला त्या क्षणीच कळत होतं.

डोंगराला वळसा घालून परत येताना घार आली. कुठून आली ते कुणी पाहिलं नाही. तांबूस काहीतरी समोर चमकलं आणि धाडकन आवाज झाला. डाव्या पंखाच्या टोकाकडे कापडाला हातभर भगदाड पडलं. विमान डावीकडे कलंडलं, उसाची शेतं खिडकीत उभी राहिली. लतिकाताईंनी दांडा उजवीकडे ओढला. शर्वाणीचा हात पॅराशूटच्या मुठीवर गेला.

आणि पडद्यावर रंग वळले.

तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भगदाडाच्या कडेला काळंनिळं झालं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच्याभोवती तांबडं कडं उभं राहिलं. गाठीभोवती होतं अगदी तसंच, फक्त मोठं. ओढ भगदाडाला वळसा घालून पुढे गेली. पंखानं स्वतःला थोडं पिळलं, कलंडलेलं विमान सरळ झालं.

"सोडू नकोस मूठ," ताई म्हणाल्या. "पण ओढूही नकोस."

धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा यशोधन टेबल, रेडिओ, जुळा सगळं टाकून धावत येत होता. त्यानं बहिणीला सीटवरून उचलूनच काढलं. मग तो त्या भगदाडापाशी गेला, कडेचे धागे बोटांनी चाचपले आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

*

पुढचे पंधरा दिवस शेडमध्ये कुणी धड झोपलं नाही. पंखाचे छोटे नमुने विणले, निम्म्यांत एकेक गाठ घातली, निम्मे स्वच्छ ठेवले. आठवडाभर सगळ्यांना झोत खाऊ घातले आणि मग करवतीनं कापले. स्वच्छ नमुने गडबडले, काही फाटले. गाठीचे नमुने लगेच सावरले. एकही फाटला नाही.

"लस आहे ही," लतिकाताई म्हणाल्या. "थोडंसं दुखणं आधी टोचून ठेवायचं. मग मोठं आलं तरी अंगाला ठाऊक असतं काय करायचं."

आणि मग शर्वाणीच्या मनात एक विचार आला. घार उजव्या पंखाला धडकली असती तर? उजव्यात गाठ नव्हती.

एक जून चार दिवसांवर आला होता. शर्वाणीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. हे सोडून कोण जातंय? जिथं अशी चूक होऊ शकते आणि अशी चूक सापडूही शकते, ते ठिकाण सोडून एका जोडावर आयुष्य काढायचं? तिनं तसं यशोधनला सांगितलंही, शेडच्या ओट्यावर चहा पिताना.

तिला वाटलं तो समजावत बसेल. त्यानं मान हलवली. "बरोबर हाय तुझं. मी पण ऱ्हायलो असतो." मग कप खाली ठेवला. "फक्त एक सांगतो. आमच्याकडं विणलेलं कापड पहिल्या तपासणीत यंत्राखालनं जातं. गाठ दिसली की यंत्रच ते भंगारात टाकतं. माणसापर्यंत येतच नाही. म्हंजे एकशे ऐंशी माणसांचं विमान आम्ही करू, पंख स्वच्छ असंल, आणि एके दिवशी त्याला घार धडकंल."

"तू सांग की त्यांना."

"मी जुळा करतो, शारू. गाठ मारलेली माझ्या बोटांना किती वर्षं झाली? मला विचारतील, कुठं मारायची, किती मारायच्या, आणि मला काय येतंय? ते तुलाच माहीत हाय."

एकदम शर्वाणीच्या लक्षात आलं की हा प्रश्न मोठं की छोटं असा उरलेलाच नाही. ती लतिकाताईंकडे गेली आणि यशोधनचं बोलणं सांगू लागली. ताईंनी तिला जवळ घेतलं.

"गाठ इथं सापडली, कारण इथं चुकायला जागा आहे," त्या म्हणाल्या. "पण माणसं तिथून उडणार आहेत. जा तू. माझं वाईट नको मानूस, मला राग येणार आहे दोन दिवस. मग जाईल."

शर्वाणी रडली, अगदी हुंदके देऊन. मग डोळे पुसून तिनं स्ट्रॅटोलाइनला फोन लावला. गोड आवाजाच्या बाईंनी तो मुख्य अभियंता वेंकटराव यांच्याकडे दिला.

"मी येते, सर. पण माझी एक अट आहे. या पंखाचं विमान प्रवाशांसाठी सोडायच्या आधी एक उड्डाण भरल्या सीटांनी करायचं. आणि त्या सीटांवर ज्यांनी ज्यांनी सह्या केल्यात ते बसतील."

"आमच्याकडे असं कधी झालेलं नाही," वेंकटराव म्हणाले.

"आमच्याकडे दुसरं कधी झालेलं नाही."

ते हसले. "विचारून सांगतो." आणि त्यांनी खरंच विचारलं. उत्तर यायला तीन दिवस लागले. उत्तर 'हो' असं होतं.

*

चार वर्षांनी हैदराबादजवळच्या धावपट्टीवर ते विमान उभं होतं, पांढरंशुभ्र, लांब पंखांचं. भरल्या सीटांच्या उड्डाणाची तारीख जाहीर झाली त्या आठवड्यात कंपनीत एक मजा झाली. रजेचे अर्ज येतील असं सगळ्यांना वाटलं होतं. आले ते फेरतपासणीचे. 'माझा भाग एकदा पुन्हा बघू द्या,' असं म्हणणाऱ्यांची रांग लागली. दाराच्या कडीपासून इंधनाच्या नळीपर्यंत सगळं पुन्हा उघडलं गेलं. दोन-चार ठिकाणी काहीबाही सापडलं आणि बदललं गेलं. वेंकटराव म्हणाले की एवढ्या वर्षांत कुठल्याही तपासनिसाला जे जमलं नाही ते एका सीटनं करून दाखवलं.

आता ती सगळी माणसं विमानात बसली होती. चाकांचे ब्रेक करणारी, खिडक्यांची काच ओतणारी, वायरिंगवाली. प्रत्येकाचे कान आपापल्या भागाकडे. पाहुणी म्हणून लतिकाताई पुढच्या रांगेत होत्या आणि पायलटला सूचना द्यायची इच्छा मोठ्या कष्टानं आवरत होत्या. डाव्या पंखावरच्या रांगेत यशोधन, मधे शर्वाणी, आणि खिडकीशी नऊवारी सावरून बसलेली आई.

आईच्या नावाचा सहीच्या यादीत पत्ता नव्हता. पण गाठीची गोष्ट एव्हाना तिच्या कानावर गेली होती, आणि तिला जेव्हा या उड्डाणाबद्दल कळलं तेव्हा तिनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "पंखात गाठ कुणाची हाय?" शर्वाणीला खोटं बोलता येईना. दोन्ही पंखांत गाठ तिनंच मारली होती, पण दोन फाशांची, एक टोक उलटं ओढलेली. "मग सीट बी माझीच," आई म्हणाली, आणि वेंकटरावांना ते कबूल करावं लागलं.

इंजिनं घुमायला लागली. यशोधननं खुर्चीचे हात घट्ट धरले. सात आणि चार मिळून अकरा वर्षं विमानं करणारा माणूस पहिल्यांदाच आपली सही असलेल्या विमानात जाणूनबुजून बसला होता. "तू काय करून ठेवलंस हे, शारू," तो पुटपुटला, पण त्याचे डोळे चमकत होते.

आईनं काचेला नाक लावलं. बाहेर पंख वाऱ्याचा अंदाज घेत किंचित वाकला, सरळ झाला.

"कुठं हाय गं ती?"

शर्वाणीनं बोट दाखवलं. "तिथं. मधोमध. दिसायची नाही."

"घट्ट वडलीस न्हवं?"

"वडली, आई."

"बघू," आई म्हणाली, आणि विमानानं जमीन सोडली.